कुडाच्या भिंतीतला पब

बर्मिंगहॅम

प्रिय दिग्या,

स. न. वि. वि.

आजोळचं घर पाडायचं ठरवलंयस हे वाचलं. भांडायला नाही लिहीत. पण परवा ब्रेटफर्टनला गेलो होतो, तिथे सारखी तुझीच आठवण येत होती.

वूस्टरशरमधलं हे खेडं. तिथला ‘द फ्लीस इन’ हा पब पंधराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर आहे. एकाच लांब छपराखाली इकडे माणसं, तिकडे गुरं. घराचा पब झाला तो 1848 साली. म्हणजे चारेकशे वर्षं नुसता संसारच! म्हणून आतही हॉटेलात शिरल्यासारखं वाटत नाही, कुणाच्या तरी माजघरात येऊन बसलोय असं वाटतं. तुळया इतक्या खाली की माझंही डोकं आपटलं. आता हस.

सांगाडा सगळा ओकचा. खाचेत टोक बसवून वरून लाकडी खुंटी ठोकलेली. असे सांगाडे सुतार ओल्या लाकडाचेच करत. लाकूड वाळताना वेडंवाकडं होतं आणि सांधे आवळत जातात. तिथल्या तुळयांचा तो बाक त्यातलाच असणार. आणि दोन खांबांमधली भिंत कसली, ठाऊक आहे? कुडाची! आपल्याकडे कारवी, त्यांच्याकडे हेझल नावाच्या झुडपाच्या फोका. वर लिंपण तेच, माती, गवताचे तुकडे आणि शेण. शेण म्हटल्यावर माझ्याबरोबरचा गोरा पाहुणा जरा दचकला, मला मात्र तुमची पडवी आठवली.

चुलाण्यापुढच्या फरशीवर पांढरी वर्तुळं काढलेली असतात. धुराड्यातून चेटकीण उतरू नये म्हणून. रांगोळीच म्हण ना!

शेवटची मालकीण लोला टॅप्लिन. तिच्याच घराण्याने हा पब सुरू केला होता. 1977 साली ती गेली आणि वास्तू नॅशनल ट्रस्टला, म्हणजे तिकडच्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन गेली. अट अशी की बटाट्याचे वेफर्स विकायचे नाहीत. म्हातारी खमकी! 2004 साली धुराड्यातली ठिणगी उडून गवती छप्पर पेटलं. नवं पत्र्याचं घालून मोकळे झाले असते, पण त्यांनी पुन्हा गवतच शाकारलं आणि 2005 साली दारं उघडली.

मागच्या पडवीचा कुड अजून उभा आहे का? पाडायच्या आधी एका कोपऱ्यातलं लिंपण खरवडून आतल्या कारवीचा फोटो तेवढा पाठव.

तुझा,
बाळ्या