आडव्या बाटलीनंतरचे चार दिवस

दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावात मतदान होते तेव्हा यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे दुकान बंद करा या चिन्हाला, पडावी लागतात. गैरहजर बाईचे नाव विरोधी मतासारखेच नडते. म्हणून मृत आणि सासरी गेलेल्या महिलांची नावे ग्रामपंचायतीने आधीच वगळून घ्यायला हवीत. बऱ्याच ठिकाणी ठराव पडतो तो इथेच.

पण दुकान बंद झाल्यावर रोज पिणाऱ्याचे काय, हे कुणी विचारत नाही. अशा माणसाची दारू एकाएकी तुटली की सहा-आठ तासांत हात थरथरतात, दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, अंग तापते. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. आणि देवऋषाकडे नेण्यात जीव जातो! त्याला लगेच दवाखान्यातच न्यायला हवे. तिथे सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिनचे (बी-१ जीवनसत्त्वाचे) इंजेक्शन द्यावे लागते, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

म्हणून दुकान बंद होण्याच्या तारखेआधी आशाताईंनी रोज पिणाऱ्यांची यादी करावी. ती चावडीवर लावू नये, आरोग्य केंद्रातच ठेवावी. आधी झटके आलेले, एकटे राहणारे, मानसिक आजाराची औषधे घेणारे यांना जिल्हा रुग्णालयात आधीच दाखल करावे. घरच्यांना 14446 ही नशामुक्तीची आणि 14416 ही टेलिमानसची (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी) हेल्पलाइन लिहून द्यावी.