प्रिय दिन्या, शपथ घेतली

प्रिय दिन्या,

पाच महिने तुझ्या तीन मेसेजना उत्तर नाही. कामात होतो असं म्हणणार नाही, सांगायचा धीर होत नव्हता. गेल्या बुधवारी मी इथल्या, अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. अण्णा असेपर्यंत घ्यायची नाही हे ठरलेलं तुला एकट्याला ठाऊक. त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि अर्ज भरला.

बीपी गोळीवर आहे, गुडघा तसाच.

हात वर करून म्हणायचं असतं की ज्या परक्या राज्याचा मी आजवर नागरिक होतो, त्याच्याशी असलेली सगळी निष्ठा सोडतो. परकं राज्य म्हणजे आपली सांगली, दिन्या. तिथे माझा आवाज बसला. आणि नेमका तेव्हाच आठवला टॉम लँटोस, ज्याच्यावरून तू माझ्याशी दोनदा भांडलास.

आमच्या सॅन मटेओचाच तो खासदार. बुडापेस्टचा ज्यू पोरगा. १९४४ मध्ये जर्मन शिरले तेव्हा सोळा वर्षांचा. श्रमछावणीतून पळाला आणि राऊल वॉलनबर्ग या स्वीडिश मुत्सद्द्याने उघडलेल्या घरात वाचला. आई नाही वाचली. १९४७ मध्ये शिष्यवृत्तीवर इकडे आला, अर्थशास्त्र शिकवलं, १९८० मध्ये निवडून आला. होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून वाचून इथल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, पोचलेला तो एकटाच. पहिलं विधेयक कुठलं आणलं? वॉलनबर्गला मानद नागरिकत्व द्यायचं. त्याआधी तो मान फक्त चर्चिलला मिळाला होता. ‘तो त्या देशाचा अंतर्गत प्रश्न’ हे वाक्य त्याला कधी पटलं नसणार, कारण एका परक्या माणसाने ते मानलं नाही म्हणून तो जिवंत होता. ७८ व्या वर्षी सुदानमधल्या दारफुरच्या हत्याकांडाविरुद्ध सुदानच्या वकिलातीसमोर उभा राहून त्याने अटक करवून घेतली. मला तो फार आवडायचा, अजूनही आवडतो.

पण १९९० चं तुझं खरं होतं. कुवेतमध्ये इराकी सैनिकांनी तान्ही बाळं इन्क्युबेटरमधून काढून टाकली, अशी साक्ष पंधरा वर्षांच्या मुलीने दिली, ती त्याच्याच मानवी हक्क गटासमोर. मी मेसमध्ये बातमी वाचून रडलो आणि तू विचारलंस, “पोरीचं आडनाव का सांगत नाहीत?” आठ दिवस अबोला. जोग बिचारा आपल्या दोघांच्या डब्यातली थालीपीठं इकडून तिकडे पोचवत होता, आणि दोन्हीकडची निम्मी खात होता! १९९२ मध्ये कळलं, ती कुवेतच्या राजदूताची मुलगी होती आणि बाळांची गोष्ट टिकली नाही. ती कोण हे लँटोसला माहीत होतं. तिच्या घरच्यांच्या जिवासाठी लपवलं, असं त्याचं म्हणणं. मला ते तेव्हाही पुरलं नाही.

२००५ चं भांडण मात्र मी अजून सोडलेलं नाही. आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री नटवर सिंग तेहरानमध्ये इराणच्या अणुप्रश्नावर जे बोलले त्यावर लँटोस भडकला, भारताला जबर किंमत मोजावी लागेल म्हणाला. पुढच्या वर्षी हेन्री हाइड या दुसऱ्या खासदाराबरोबर भारताशी अणुकराराचं विधेयक त्यानेच मांडलं. तू फोनवर म्हणालास, “बाहेरून आलेला माणूस घरच्यापेक्षा जास्त मालक होतो.” मी फोन आपटला. तू त्याच्याबद्दल बोलत नव्हतास, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आता झोप लागत नाही ती यानेच. मी इथे मत देणार. मी निवडून दिलेला माणूस उद्या तुझ्या देशाला दम देईल, तेव्हा... तुझ्या देशाला. बघ, लिहून गेलो. खोडत नाही.

जानेवारी २००८ मध्ये कॅन्सर कळल्यावर त्याने निवेदन काढलं, या देशाचे उपकार शब्दांत सांगता येणार नाहीत अशा अर्थाचं. पुढच्याच महिन्यात गेला. मी ते वाचून हललो होतो. आज वाटतं, एवढे उपकार मानणाऱ्याला त्याच घराला ‘नाही’ म्हणणं किती जड जात असेल! इराकच्या युद्धाला त्याने २००२ मध्ये मत दिलं होतं. मला ते ‘नाही’ म्हणता येईल का? तू मला विसाव्या वर्षापासून बघतोयस, तूच सांग.

प्राजूचं लग्न ठरलं का? बागेचं यंदा काय झालं? वहिनींना नमस्कार.

भारतीय पासपोर्ट रद्द करायला पाठवायचा आहे, तो टेबलावरच पडून आहे. शेजारी जुना, पहिला. त्यातल्या फोटोत माझ्या अंगात तुझा निळा चौकड्याचा शर्ट आहे. तो परत दिला होता का रे मी?

शिव्या दे, पण फोनवर नको. लिहून दे.

तुझा,
सुध्या