थांबण्याचे मीटरही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुपरबाईक आणि स्पोर्ट्स कार यांची तुलना करणारा लेख आला होता. त्यातला तक्ता माझ्या सतरा वर्षांच्या भाच्यानं कापून कपाटाच्या दारावर चिकटवला आहे. शून्यावरून शंभरला लागणारे सेकंद, टॉप स्पीड, हॉर्सपॉवर आणि किंमत असे चार रकाने. बहुतेक रकान्यांत बाईक सरस, आणि निकालही तसाच. मी चिंचवड परिसरातल्या एका कारखान्यात ब्रेक विभागात २८ वर्षं काढली. ब्रेकचा आणि वळणाचा रकानाच नाही हे पाहून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

बाईकचं श्रेय मला काढून घ्यायचं नाही. सरळ रस्त्यावर ती कारला मागे टाकते आणि त्याचं कारण साधं आहे. सुझुकीच्या हायाबुसा या सुपरबाईकची ताकद साधारण १९० हॉर्सपॉवर, वजन २६६ किलो. वर ७५ किलोचा माणूस बसवला तरी एका हॉर्सपॉवरला ओढायला दोन किलोही येत नाहीत. पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारच्या साध्या मॉडेलची ताकद त्याच्या दुप्पट, पण ड्रायव्हरसकट वजन दीड टनाच्या वर, म्हणजे हॉर्सपॉवरमागे चार किलो. सिग्नल सुटल्यावर कोण पुढे जाणार हे यावरूनच कळतं. मात्र वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. तिथं वजनापेक्षा आकार आणि निव्वळ ताकद बोलायला लागते. बाईकवर बसलेला माणूस हवेला फार बेढब वाटतो, त्यामुळे वेग वाढेल तसा बाईकचा हा फायदा कमी होत जातो.

आता ब्रेक. माझं आयुष्य यातच गेलं, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

बाईक आखूड आणि उंच असते. पुढचा ब्रेक करकचून दाबला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक रस्ता सोडू लागतं. डिस्कला चिमटून धरणारे कितीही महागडे कॅलिपर लावा, कितीही चांगला टायर घाला, ही मर्यादा बाईकच्या बांध्यातच आहे. साधारण पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतक्या जोरानं, म्हणजे आमच्या भाषेत एक जी, ती वेग कमी करू शकते. ताशी १०० वरून थांबायला त्या हिशेबानं ३९ मीटर लागतात, आणि तेही हात तयार असलेल्या माणसाला. स्पोर्ट्स कार रुंद, बुटकी आणि लांब. तिचे चारही टायर जमिनीला धरून राहतात आणि ती ३५ मीटरच्या आत उभी राहते. चार-पाच मीटर म्हणजे काय? झेब्रा क्रॉसिंगवरून चाललेली म्हातारी वाचणं किंवा न वाचणं. हा आकडा तक्त्यात यायलाच हवा होता.

वळणाचंही तसंच. बाईकचा एक टायर रस्त्याला जेवढा टेकतो, तो भाग तळहाताएवढा असतो. असे दोन तळहात, बस्स. ४५ अंश कलली की बाजूचा ओढा एक जी होतो. कारकडे चार रुंद पट्टे असतात. शिवाय वळणाच्या मध्येच वाळू लागली तर कार थोडी घसरते, स्टिअरिंग सैल करून सावरता येते. बाईकचं पुढचं चाक सुटलं की सावरायला अर्धा सेकंदही मिळत नाही. शर्यतीच्या जगात हा फरक नीट दिसतो. अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या ५.५ किलोमीटरच्या ट्रॅकवर २०१९ मध्ये फॉर्म्युला वन या कारच्या शर्यतीची पोल पोझिशन, म्हणजे सर्वांत वेगवान फेरीमुळे मिळणारी सुरुवातीची पहिली जागा, वाल्टेरी बोटासनं १ मिनिट ३२ सेकंदांत घेतली. त्याच वर्षी, त्याच ट्रॅकवर मोटोजीपी या बाईकच्या शर्यतीची पोल मार्क मार्केझनं २ मिनिटं ३.८ सेकंदांत घेतली. सरळ पट्ट्यावर दोन्ही वाहनं साडेतीनशेच्या आसपास पळतात. ही तीस सेकंदं सरळ पट्ट्यावर नाही, वळणांवर आणि ब्रेकवर निघतात. फॉर्म्युला वनच्या कारला हवेच्या जोरानं रस्त्यावर दाबून धरणाऱ्या पंखांमुळे ही तुलना रस्त्यावरच्या कारला जशीच्या तशी लागू होत नाही, पण दिशा तीच राहते.

मी दोन्ही चालवून पाहिली आहेत, एकाच ट्रॅकवर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथं ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. तिथं एका प्रशिक्षण वर्गात मी भाड्यानं मिळालेली ३९० सीसीची बाईक दोन दिवस चालवली. पुढच्या वर्षी मित्राच्या मुलाच्या पोर्शे केमनमधून तिथंच वीसेक फेऱ्या मारल्या. त्या कारचं इंजिन सीटच्या मागे, दोन्ही एक्सलच्या मध्ये असतं, त्यामुळे वळताना तिचं नाक जड वाटत नाही. सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक कुठं लावायचा हे कळावं म्हणून रस्त्याकडेला शंकूसारखे प्लास्टिकचे कोन ठेवले होते. बाईकवर मी पहिल्या कोनालाच ब्रेक धरत होतो. केमनमध्ये वेग कितीतरी जास्त असूनही तिसऱ्या कोनापर्यंत ब्रेक लांबवता आला. घड्याळ कारच्या बाजूनं होतं.

आणि तरीही, संपादक महाराज, त्या दोन वर्षांतलं मनात काय राहिलं विचाराल तर ती बाईक. उजवीकडे वळायचं तर हँडलची उजवी बाजू पुढे ढकलायची, हे पंचवीस वर्षं गाडी चालवून मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. प्रशिक्षकानं सांगितलं, मी ढकललं, आणि बाईक अशी सहज आडवी झाली की घशात आवंढा आला. गुडघा बाहेर, नजर पुढच्या वळणावर, पोट टाकीला चिकटलेलं. तिथं शरीरच स्टिअरिंग असतं. कारमध्ये माणूस हुशार होतो, हात शांत ठेवून चार चाकांचा हिशेब सांभाळतो, आणि त्यातही मोठा आनंद आहे. पण तो बसून घ्यायचा आनंद आहे. बाईकचा आनंद अंग मोडून मिळतो. २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, ती पाहायला मी गेलो होतो. उकाड्यामुळे शर्यत २१ फेऱ्यांवर आणावी लागली. मार्को बेझेची जिंकला, आणि दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यतीनंतर शरीरातलं पाणी कमी झाल्यानं कोलमडला. पंचविशीतला, जगातल्या सर्वांत तंदुरुस्त खेळाडूंपैकी एक. बाईक माणसाकडून एवढं मागते.

म्हणूनच मला त्या तक्त्याची काळजी वाटते. भाचा आणि त्याचे मित्र रविवारी पहाटे ताम्हिणीला आणि लवासाच्या रस्त्यावर जातात. मीही जायचो. २०११ च्या पावसाळ्यानंतर ताम्हिणीत एका डाव्या वळणावर खडी पसरलेली होती. वेग साठच्या आत होता. पुढचं चाक गेलं, मी रस्त्यावर, कॉलरबोन तुटलं. समोरून एसटी येत असती तर हे पत्र लिहायला मी नसतो. त्याच वळणावरून त्याच वेगानं कार गेली असती तर ड्रायव्हरनं शिवी हासडली असती आणि पुढे गेला असता. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या बाईकना एबीएस सक्तीचं झालं, हे फार चांगलं झालं. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, खडीवर पकड निर्माण करत नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार माणसं गेली, त्यातली सुमारे ७५ हजार दुचाकीवरची होती. त्यात सुपरबाईकवाले थोडेच असतील, दूध घालायला निघालेले आणि कामावर जाणारे जास्त. पण वेग हीच मजा असं आपण छापलं की शंभर-सव्वाशे सीसीवाला पोरगाही तेच वाचतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, समृद्धीवरही आहे. उरतात घाट. वेगाची हौस असलेल्या मुलानं जावं कुठं, याचं उत्तर लेखात चार ओळींत देता आलं असतं. चेन्नईला आणि कोइम्बतूरला ट्रॅक आहेत, तिथं बाईक आणि चामड्याचा सूट भाड्यानं मिळणारे वर्ग चालतात. कारची आवड असेल तर कोल्हापूरजवळ कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या शर्यती गाड्यांचा, चांगला ट्रॅक आहे. कार्टमध्ये जमिनीपासून चार बोटांवर बसून ताशी साठनं वळताना जे शिकायला मिळतं, ते एक कोटीच्या गाडीत बसूनही घाटात मिळत नाही. भाच्याला मी दिवाळीच्या सुट्टीत तिथंच नेणार आहे, बाईकचं नंतर बघू.

पुढच्या वेळी अशी तुलना छापाल तेव्हा दोन रकाने वाढवा. एक, १०० वरून थांबायला किती मीटर, कोरड्यात आणि ओल्यात वेगवेगळे. दुसरा, ती गाडी नीट चालवायला शिकण्याचा आणि हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बुटांचा खर्च. चांगल्या बाईकमागे हा आकडा लाखाच्या घरात जातो आणि कुणीच तो किमतीत धरत नाही. मोजणीसाठी माणूस लागला तर मला बोलवा. मापाची टेप आणि वेग नोंदवणारं यंत्र माझ्याकडे आहे. मोकळी, बंद जागा तेवढी आपण मिळवून द्यावी.

आपला नियमित वाचक,
चिंचवड, पुणे