एव्हरेस्टवीरांचे सत्कार झाले, आता गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सची फी भरा

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

मराठवाड्याच्या वाट्याला बर्फ येतो तो गारपिटीत, आणि मग आम्ही पंचनाम्याची वाट बघत बसतो. तरीही इथली पोरं हिमालयात जातातच. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस पकडून दिल्ली गाठायची, पुढे बसने डेहराडून नाहीतर मनाली. आमच्या मराठवाड्यातले रफिक शेख २०१६ मध्ये आणि मनीषा वाघमारे २०१८ मध्ये एव्हरेस्टवर पोचले, तेव्हापासून तर ‘आपल्यालाही जमेल’ ही हिंमत गावागावांत आली. चांगलंच झालं.

काळजी वेगळी आहे. पोरं आधी उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक करतात. साडेबारा हजार फूट, वाट मळलेली. तिथला फोटो स्टेटसला लागला की लगेच मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखराची चौकशी सुरू. उंची ५,२८९ मीटर, आणि जाहिरातीत खुशाल लिहिलेलं असतं, ‘अनुभवाची गरज नाही’. आमच्या ओळखीतल्या एकाने अशाच एका एजन्सीसोबत जाऊन पायात पहिल्यांदा क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर पकड देणारे बुटाखालचे धातूचे दात, चढवले ते थेट चढाईच्या रात्री, हेडटॉर्चच्या उजेडात. पट्टे कसे आवळायचे हे पुढच्याचं बघून. सुखरूप परतला, प्रमाणपत्रही मिळालं!

उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून हेच काम नीट शिकवते. बेसिक कोर्स जवळपास चार आठवड्यांचा. आधी तेखलाच्या खडकांवर दोर, गाठी, रॅपलिंग म्हणजे दोरावरून खाली उतरणं. मग दोक्रियानी बामक हिमनदी. बर्फाच्या उतारावर प्रशिक्षक मुद्दाम घसरायला लावतात. घसरता घसरता पोटावर पलटी मारायची, बर्फकुऱ्हाडीचं म्हणजे आइस अ‍ॅक्सचं टोक छातीचा भार देऊन रुतवायचं आणि पायात क्रॅम्पॉन असतील तर पाय वर उचलायचे, नाहीतर दात बर्फात अडकून माणूस उलटा फेकला जातो. अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा. यूट्यूब बघून हे येत नाही.

विरळ हवेचंही तसंच. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हा साधा नियम. पण ज्याचं परतीचं तिकीट कन्फर्म आहे आणि पैसे मामाकडून उसने आणलेत, तो डोकं दुखतंय हे, म्हणजे उंची बाधल्याचं लक्षण, सांगत नाही, दडवतो.

कोर्स केला म्हणजे कवचकुंडलं मिळाली असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का दांडा शिखरावर याच संस्थेची अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली. शिकलेल्यांची ही गत, तर न शिकलेल्यांना कुणाच्या भरवशावर वर पाठवायचं?

आता पैशाचं. वसंत ऋतूतल्या एव्हरेस्टचा नुसता नेपाळ सरकारचा परवाना माणशी १५,००० डॉलरला पडतो. एवढ्यात डझनावारी मुलामुलींचे बेसिक कोर्स होतील. शिखर सर झाल्यावर धनादेश देण्यापेक्षा मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून दरवर्षी काही जणांना या कोर्सला पाठवा. निवड मैदानावर करा: धावणं आणि पाठीवर ओझं घेऊन अंतूर किल्ल्याची चढाई. ओळखीच्या चिठ्ठ्या नकोत. मुलींच्या जागा वेगळ्या राखा. शासनाचं पत्र हातात असलं की घरी बापाशी बोलणं सोपं जातं, हे मी शिक्षक म्हणून सांगतो.

आणि एक. ‘आधी भरा, बिलं जोडा, मग रक्कम मिळेल’ असली योजना कृपया आणू नका. कोर्सच्या जागा कित्येक महिने आधी भरतात, आणि आमच्याकडे कापूस विकल्याशिवाय घरात रोकड नसते. फी जिल्हा क्रीडा कार्यालयाने थेट संस्थेच्या खात्यात जमा करावी.

आपला,
एक डोंगरवेडा शिक्षक, परभणी