पिंकीस पत्र : मारबत, मेट्रो अन् फ्लॅटचं उत्तर

बेटा पिंकी,

नागपूरचे फोटो तं तू पाह्यलेच असशील, तुझ्या आईनं एकामागोमाग एवढे टाकले का माझा मोबाईलच हँग झाला. पण परवा तू फोनवर विचारलं "बाबा, मग वावर विकून नागपुरात फ्लॅट घ्यायचं काय ठरलं", तेव्हा मी कृषी केंद्रात औषधाच्या लाईनीत उभा होतो, मागं सगळे ओळखीचे लोक कान लावून, म्हणून हो-हो करून फोन ठेवला. आता पुन्हा झड लागली आहे, वावरात पाय टाकला तं पोटरीपर्यंत चिखल, फवारणी बंद, म्हणून निवांत बसून लिहून राहिलो. फोटोत जे दिसत नाही ते आधी सांगतो, फ्लॅटचं शेवटी.

यंदाचा पोळा काही खास झाला नाही. तोरणाखाली जोड्या कमीच, अर्ध्या गावानं बैल विकून ट्रॅक्टरवाल्याचा नंबर सेव्ह करून ठेवला आहे, अन् झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारे म्हातारेही आता दोघं-तिघंच उरले. त्यात पोळा फुटायच्या आधीच पाणी आला, सर्जाच्या शिंगांचा रंग ओघळून त्याच्या कपाळावर, अन् तुझी आई ओवाळायला गेली तं तिच्या नव्या साडीवर. तिथंच तिनं जाहीर केलं का उद्या पहिल्या गाडीनं नागपूरला जायचं, आत्या दरवर्षी मारबतीला, त्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला, बोलावते अन् आपलं दरवर्षी काही ना काही काम निघते. मी म्हटलं, अन् वावरात रानडुकरं आली तं? ती म्हणे डुकरांना आत्यानं बोलावलं नाही. मग काय, शेजारच्या भाऊला जागलीचं सांगितलं, ढोरांचा चारापाणी त्याच्या पोट्ट्याकडं दिला अन् निघालो.

एसटीत आजीला पंच्याहत्तरच्या वरची म्हणून फुकट, आईला बाई म्हणून अर्धं तिकीट, राह्यलो मी एकटा फुल तिकीटवाला. कंडक्टर म्हणे, "काका, महामंडळ तुमच्याच भरवशावर चालू आहे." जामच्या चौरस्त्यापासून जो पाणी सुरू झाला तो बुटीबोरी गेली तरी थांबायचं नाव नाही, खिडकीची काच अर्ध्यात फसलेली, आजी डोक्यावर पिशवी धरून बसली पण जागा बदलायला तयार नाही, तिला बाहेर पाहायचं होतं. वर्धा रोडला लागलो तं खाली आपली एसटी, वर उड्डाणपूल, अन् त्याच्याही वरून मेट्रो. ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर आहे तो, गिनेस बुकात नाव आहे त्याचं. आजी मान वाकडी करून पाहे अन् विचारे, "वरचं खालच्यावर पडलं तं?" पुढच्या सीटवरचा पोट्टा हसला, पण मला विचारशील तं प्रश्न काही वाईट नव्हता.

आत्याकडं पिशव्या टाकल्या, चहा घेतला अन् छत्र्या घेऊन सगळे बाहेर. पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतून निघते, काळी इतवारीतून, अन् नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते. आमचे जवाईबापू, आत्याचे यजमान, सांगत होते का काळी १८८१ पासून निघून राहिली अन् पिवळी १८८५ पासून. काळी म्हणजे इंग्रजांना जाऊन मिळालेली भोसल्यांची बाकाबाई असं जुने लोक सांगतात, पिवळी लोकांची राखण करते म्हणून बायका तिच्या पाया पडतात. गर्दी एवढी का छत्री उघडायला जागा नाही, उघडली का मागचा ओरडते. पिवळीला पाहायला आम्ही एका दुकानाच्या पायरीवर चढलो तं ती अगदी हातभर अंतरावरून गेली, एवढाले डोळे, अंगावरचा कागद पाण्यानं फुगून एका गालावर सुटला होता अन् आतला बांबू दिसत होता, अन् एक पोट्टा गाडीवर उभा राहून प्लास्टिकची शीट तिच्या डोक्यावर धरून चालला, स्वतः मात्र नखशिखांत ओला. त्याच्याकडं पाहूनच मला बरं वाटलं.

मागून बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे. महागाईचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, कोणाला सोडलं नाही, अन् लोकं ओरडून राहिले, "घेऊन जा गे मारबत!" आपल्या गावी सकाळी पळसाच्या डाहाळ्या शिवेबाहेर टाकताना म्हणतो तेच, पण इथं हजारो लोकं एका आवाजात. खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा, भ्रष्टाचार घेऊन जा. मी आपला मनातल्या मनात बोंडअळी म्हणून घेतली. अन् तेवढ्यात आजी, पायरीवर उभी, पदर डोक्यावर, एकदम खणखणीत आवाजात, "रानडुकरं घेऊन जा गे मारबत!" आजूबाजूचे सगळे वळून पाहायला लागले. खाली कॉलेजची पोट्टेमंडळी होती, त्यांना एवढं आवडलं का ते पूर्ण चौक पार होईपर्यंत तेच ओरडत गेले, रानडुकरं घेऊन जा गे मारबत. त्यातल्या एकानंही रानडुक्कर पाह्यलं नसेल. तुझी आई हसून-हसून खालीच बसली, दुकानदारानं स्टूल दिला. तो व्हिडिओ तिनं काढलाच नाही, नेमकं तेव्हाच मोबाईल पिशवीत होता, त्याचं तिला अजून वाईट वाटून राहिलं.

संध्याकाळी तान्हा पोळा. आत्याच्या बाळूचा शौर्य आता पहिलीत आहे, त्याला चाकाचा लाकडी बैल आणला होता, झूल-बिल सगळं रेडिमेड. गल्लीतले सगळे लेकरं आपापले बैल घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभे, कारण बाहेर पाणी धो-धो. मी पाह्यलं तं त्याच्या बैलाला ना वेसण ना गोंडा. आत्याकडून लोकरीचा धागा मागितला, कपाळाला गोंडा बांधून दिला, शिंगाला बेगड चिकटवलं, अन् मग पोट्टे म्हणायला लागले काका आमच्या पण बैलाला करून द्या, पार्किंगमध्ये लाईनच लागली. झडती कोणालाच येत नव्हती. मीच सुरू केलं, "एक नमन कवडा पार्बती, हर बोला हर हर महादेव", तं सगळ्यांनी हर हर महादेव एवढ्या जोरात म्हटलं का वरच्या माळ्यावरची बाई खिडकीत आली. बक्षीस शौर्यला नाही मिळालं, ते थर्माकोलचा महादेव केला होता त्याला मिळालं. शौर्य रडला. बोजारा म्हणून, पोळ्याची ओवाळणी, मी त्याला वीस रुपये दिले तं तो विचारे, आबा, यूपीआय नाही का.

खाण्याचं सांगतो, नाहीतर तू रागावशील. श्रावण पोळ्याला संपला म्हणून त्या दिवशी मटणाच्या दुकानापुढं पण लाईन, पाण्यात भिजत लोकं उभे. जवाईबापू मला अन् बाळूला सावजीत घेऊन गेले. मटणावर बोटभर तर्री, पहिल्या घासाला ठसका, दुसऱ्याला घाम, तिसऱ्यानंतर थांबवत नाही. हे जेवण मूळचं हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं, आता सगळ्या शहरात पाट्या आहेत, पण जवाईबापूंचं म्हणणं खरं सावजी अजूनही छोट्या खोलीतच मिळते जिथं पंखा आवाज करते. बायांसाठी आत्यानं घरी पाटोडीचा रस्सा अन् सांभारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली होती. सांभारवडी मी आल्यावर पण खाल्ली, तुझ्या आईनं पाह्यलं पण काही बोलली नाही. सकाळी तर्री पोहे, वरून कच्चा कांदा अन् चण्याचा तो झणझणीत रस्सा, तुला पुण्यात जे पोहे म्हणून देतात त्याच्यावर साखर असते असं तूच सांगितलं होतं, ते आठवून मी दुसरी प्लेट घेतली.

दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणून अजब बंगला बंद. १८६३ सालचं म्युझियम, आजीला तिथले जुने पुतळे पाहायचे होते, राह्यलं. टेकडी गणपती मात्र झाला. मागं सीताबर्डीचा किल्ला, आप्पासाहेब भोसल्यांची अन् इंग्रजांची १८१७ ची लढाई तिथलीच, पण तो मिलिटरीकडं आहे, २६ जानेवारी, १ मे अन् १५ ऑगस्ट असा ठराविक दिवशीच आत सोडतात. मग मेट्रो. आजीला वाटलं सरकता जिना म्हणजे बसून जायचा, ती पायरीवर बसायलाच निघाली, गार्डनं लिफ्टनं नेलं. आत एसी, ओल्या साडीत कुडकुडली, पण सीताबर्डी स्टेशनवर गाडी बदलून परत उलट्या दिशेनं फिरवून आणा म्हणे, तिकीट तं काढलंच आहे. झिरो माईलचा खांब पाह्यला, चार घोडे आहेत, खाली हैदराबाद, जबलपूर, बैतूल किती मैल ते कोरलं आहे. भारताचा मध्य म्हणतात त्याला. आजूबाजूला पाणी साचलं होतं म्हणून रस्त्यावरूनच नमस्कार केला.

दीक्षाभूमीवर मी याआधी कधी आत गेलो नव्हतो. आपल्या गावातून दसऱ्याला दरवर्षी किती लोकं जातात, मी ट्रॅक्टर-ट्रॉलीपर्यंत सोडून आलो आहे त्यांना, पण स्वतः आत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथं लाखो लोकांबरोबर धम्म स्वीकारला. स्तूप बाहेरून भरीव वाटते अन् आत पूर्ण पोकळ, तुझी आई वर पाहत उभीच राहिली. बाहेर बोधिवृक्षाखाली एक म्हातारा बसला होता, तो यवतमाळकडचा निघाला, त्याच्याशी सोयाबीनवरच्या पिवळ्या रोगाचं बोलणं झालं अर्धा तास. आई म्हणे नागपूरलाही तुम्हाला शेतकरीच सापडते.

अन् आता फ्लॅट. बाळू आम्हाला फुटाळा तलावावर भुट्टे खाऊ घालून "जरा एका ठिकाणी जाऊन येऊ" म्हणत बेसा भागाकडं घेऊन गेला. तूच त्याला सांगितलं होतं, हे मला माहीत आहे, तो काही बोलला नाही पण त्याला खोटं बोलता येत नाही. चौथा माळा, दोन बेडरूम. तुझ्या आईनं आधी किचनचा नळ उघडला अन् तशीच पाहत राह्यली, बंद केला, पुन्हा उघडला. मग विचारलं वाळवण कुठं घालायचं, तो म्हणे टेरेसवर घालू देतात. दवाखाना किती दूर, तो म्हणे पाच मिनिटं. तिचे गुडघे तुला माहीत आहे. तिला आवडलं, पिंकी. परत येताना गाडीत तिनं एक शब्द काढला नाही, पण मी तिच्याबरोबर एवढी वर्षं काढली, मला समजते.

आजी गॅलरीत उभी राहून म्हणे इथून पाणी दिसते पण त्याचा आवाज येत नाही. मी खाली पाह्यलं. सगळ्या आवारात ब्लॉक बसवलेले, एक इंच माती नाही, पाणी मुरणार कुठं? २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन् नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात शिरलं, तेव्हा तू टीव्हीवर पाहून फोन केला होता. तेव्हाही मी म्हटलं होतं, पाण्याला वाट ठेवली नाही तं ते स्वतः शोधते. बाळूला म्हटलं तं तो म्हणे मामा चौथ्या माळ्यावर काय होते. चौथ्यावर नाही होत, खालच्याला होते.

तर माझं उत्तर असं. वावर विकून फ्लॅट घेणार नाही. किंमत ऐकली, तेवढ्यात आपलं धुऱ्याकडचं सगळं जाते. मक्त्यानंही देणार नाही, निदान यंदा नाही, मक्तेदार शेणखत टाकत नाही, जमिनीतून ओरबाडून नेते अन् तिसऱ्या वर्षी तुला दगड परत देते. तू म्हणशील बाबा हट्टी आहे. आहे. पण तुझ्या आईचं मी मनात धरलं आहे. कापसाची शेवटची वेचणी झाली का उन्हाळाभर वावरात काही काम नसते, अन् आपल्या विहिरीला तेव्हा पाणीही नसते, ती डोक्यावर आणते. आत्याच्या गल्लीतच एक खोली भाड्यानं मिळते, खालच्या माळ्यावर, नळ घरात. आई अन् आजी तिथं राहतील, गुडघ्याचंही दाखवून होईल, मी येऊन-जाऊन करीन, एसटीचं फुल तिकीट काढून. हे मी तिला अजून सांगितलं नाही. सोयाबीनचे पैसे हातात आले का सांगीन, तू मधात बोलू नको, तुझ्या पोटात काही राहत नाही.

आत्यानं तुझ्यासाठी संत्रा बर्फीचा डबा दिला होता. दिवाळीपर्यंत टिकत नाही असं डब्यावर लिहिलं होतं म्हणून आम्ही संपवला.

दिवाळीचं रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडते, ऐनवेळी वेटिंगवर बसू नको. महाराष्ट्र एक्सप्रेसचं काढ, नागपूरपर्यंत जाऊ नको, वर्ध्यालाच उतर, मी मोटरसायकल घेऊन येतो. सामान कमी आण, मागं परत नेताना तिखट, सरगुंडे अन् डाळीचं पोतं असते.

तुझा
बाबा