फाटकावरचं नाव

लश्कर, ग्वाल्हेर
रविवार, रात्री

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार. टेक्सासातला, मारलेल्या हरणाबरोबरचा तुझा फोटो पोचला आणि त्यामागून ते दोन लांबलचक व्हॉइस मेसेजही पोचले. हरीण मारल्याचं वर्णन तू एवढं रंगवलंस की दुकानातलं गिऱ्हाईक काम सोडून ऐकत बसलं. तुझा प्रश्न मात्र सरळ आहे: ऑफिसातले शिकारी दोस्त म्हणतात फेसबुकवर टाक, वहिनी म्हणतात अजिबात नको, तर काय करू? मला विचारलंस ते माझा धंदा फोटोचा म्हणून. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी माझं मत सांगून टाकतो, मागाहून भांडण नको. शिकार मला पटत नाही. पण तुझ्याकडे परवाना आहे, हंगाम चालू आहे, मांस तू घरी नेऊन खातोस. जे केलंस ते तिथल्या कायद्यात बसवून केलंस. तेव्हा शिकार बरी की वाईट हा वाद तू इकडे आलास की गच्चीवर घालू. आज फक्त फोटोचं बोलतो.

तुझा फोटो मी दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर उघडला. सवयीने मी आधी कडा बघतो, माणसाचं तोंड शेवटी. डाव्या कडेला तुझी पिकअप उभी आहे, नंबर स्वच्छ वाचता येतो. मागे रँचचं लोखंडी फाटक, वरच्या कमानीत पत्रा कापून केलेली नावाची अक्षरं. शिंगाला बांधलेल्या, परवान्याबरोबरच्या टॅगवर तू पेनाने काहीतरी खरडलंयस, तेही मोठं करून वाचलं. आणि शेजारी आपली सई, अंगात शाळेचा स्वेटशर्ट, छातीवर शाळेचं पूर्ण नाव. म्हणजे गाडी कोणती, शिकार कुठे करतोस, पोरगी कुठल्या शाळेत जाते, सगळं एका फोटोत. हरणाबद्दलच काय ते कमी कळतं, कारण लेका तू त्याच्या चांगला चार फूट मागे बसलायस आणि ते गाईएवढं दिसतंय. हे असलं बसणं मला शिकवू नकोस.

त्यात तू तो ‘क्लिअर यावा’ म्हणून डॉक्युमेंट करून पाठवलास. साधा फोटो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला असतास तर फाइलच्या पोटातली माहिती, म्हणजे फोटो कुठे नि कधी काढला ती, वाटेतच गळाली असती. डॉक्युमेंटमध्ये ती जशीच्या तशी येते. ईमेलचंही तेच, ड्राइव्हच्या लिंकचंही तेच. अक्षांश-रेखांश उचलून मी नकाशावर टाकले आणि टाचणी टेक्सासच्या त्या माळावर नेमकी जाऊन पडली. सॅटेलाइटच्या चित्रात तुझ्या मागचं पाण्याचं टाकंसुद्धा दिसलं. फेसबुक, इन्स्टाग्राम लोकांना दिसणाऱ्या फोटोतून ही माहिती काढून टाकतात (स्वतःच्या पोटात घालतात ती गोष्ट वेगळी). आयफोनवर शेअर करताना वर ‘ऑप्शन्स’ येतं, तिथे लोकेशन बंद होतं. त्याहून सोपं म्हणजे कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगीच काढून टाक.

पण नुसतं एवढं करून ‘झालं’ असं समजू नकोस. सगळे तेवढंच करतात आणि फाटक तसंच राहतं.

तूच मला एकदा सांगितलं होतंस की टेक्सासात ९० टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे, म्हणून तुम्ही लोक रँचवाल्याकडून लीजवर रान घेता. मग कमानीतलं नाव तुझं नाही, त्या मालकाचं आहे. आपल्या रानात एवढ्या शिंगांचा नर फिरत होता, कदाचित त्याचे भाऊबंद अजून फिरताहेत, हे गावभर कळावं असं त्याला वाटतं का? रात्री कुंपणावरून उडी मारून येणारे चोरटे तुमच्याकडेही आहेतच. त्याला फोन करून विचारलंस का? तुझ्या दोन्ही मेसेजमध्ये त्याचा उल्लेख कुठे ऐकू आला नाही, म्हणून म्हणतो.

आता लोक काय करतील, हा तुझा दुसरा प्रश्न. २०१५ च्या उन्हाळ्यातलं सेसिल सिंहाचं प्रकरण तुला आठवत असेल. झिंबाब्वेतल्या ह्वांगे उद्यानातला सिंह, ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी गळ्यात पट्टा घातलेला. त्याला मारणारा मिनेसोटाचा दंतवैद्य होता. नाव बाहेर आल्यावर त्याचे आधीच्या शिकारींचे जुने फोटो कुठून कुठून उकरून काढले गेले. दवाखान्याच्या रिव्ह्यूच्या पानावर दात कधीही न दाखवलेल्या हजारो लोकांनी शिव्या लिहिल्या, दवाखाना काही आठवडे बंद राहिला, फ्लोरिडातल्या त्याच्या घराच्या दारावर कोणीतरी रंगाने ‘सिंहमाऱ्या’ अशा अर्थाचं लिहून गेलं. ऑक्टोबरमध्ये झिंबाब्वे सरकारने सांगितलं की त्याची कागदपत्रं बरोबर होती, त्याच्यावर खटला भरणार नाही. तिथल्या स्थानिक शिकाऱ्यावर भरलेला खटलाही २०१६ मध्ये कोर्टाने काढून टाकला. ते ऐकायला तोवर कोण थांबलं होतं? त्या माणसाबद्दल मला फारशी माया नाही, उद्यानाच्या हद्दीवर पट्टेवाला सिंह मारला गेला हे वाईटच. पण त्याच्या दवाखान्यात टेबलावर बसणाऱ्या बायकांनी कोणाचं काय केलं होतं? फोन त्याच उचलत होत्या.

कायद्याचा आधार फार धरू नकोस. तुमच्या पन्नासही राज्यांत शिकाऱ्याला शिकारीत आडवं येऊ नये म्हणून कायदे आहेत, ते रानातल्या अडवणुकीसाठी. घरी बसून मोबाइलवर शिव्या देणाऱ्याला ते क्वचितच लागू पडतात. गाडीच्या नंबरावरून मालकाचा पत्ता कोणालाही मिळू नये यासाठी १९९४ सालचा केंद्राचा कायदा आहे, पण त्यालाही पळवाटा बऱ्याच. नंबर दिसलाच नाही तर कायद्याची गरजच उरत नाही.

आता आपल्या गावाकडचं सांगतो, कारण हा सगळा विचार माझ्या डोक्यात तुझ्या फोटोमुळे आला नाही, दुकानात येणाऱ्या अल्बममुळे आला. जुन्या सरदार घरांतले अल्बम माझ्याकडे स्कॅनिंगला येतात. त्यात शिकारीचे फोटो हमखास: शिवपुरीचं रान, खाली आडवा वाघ, त्याच्यावर बूट ठेवून कोणीतरी टोपीवाले आजोबा. खाली पांढऱ्या शाईत तारीख, ठिकाण, कोणी मारला आणि किती फूट. फुटांमध्येही गंमत आहे. नाकाजवळ आणि शेपटीच्या टोकाला खुंट्या ठोकून सरळ अंतर घेतलं तर वाघ लहान भरतो, पाठीच्या बाकावरून टेप फिरवला तर मोठा. कसं मोजायचं ते शिकाऱ्याच्या मानमरातबावर अवलंबून. सांगायचं एवढंच की तेव्हा नाव लपवायची कोणाला गरज वाटत नव्हती, फोटो नावासाठीच होता. तुमच्या तिकडेही १८८७ पासूनचा तो बून अँड क्रॉकेट क्लब शिंगांच्या मापाबरोबर शिकाऱ्याचं नाव आणि काउंटी, म्हणजे जिल्हा, छापतोच की.

आता त्याच घरातली पुढची पिढी काय करते ऐक. मध्यंतरी एक बाई असाच फोटो घेऊन आल्या. म्हणाल्या, “काका, वाघ तेवढा काढून टाका, मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत आजोबांना घ्यायचंय, लोक काहीबाही बोलतात हल्ली.” मी म्हटलं, “ताई, वाघ काढला तर आजोबांचा पाय हवेत राहील.” त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “मग पायपण काढा.” शेवटी कमरेपासून वरचा फोटो करून दिला. आता आजोबा बंदूक बाजूला ठेवून कोणाच्या तरी मुंजीला निघाल्यासारखे दिसतात. मला त्या बाईंची चेष्टा करावीशी वाटली नाही. घरातलं काय चव्हाट्यावर मांडायचं हे त्यांच्या हातात, दुसऱ्याच्या नाही.

त्या फोटोचा वरचा भाग मी मोठा करून पाहिला होता. मागच्या रांगेत हाकेवाले उभे होते, खांद्यावर काठ्या, एकाच्या हातात डबा. हाका घालणारे हेच, वाघाला मचाणाकडे रेटत आणणारे हेच. पांढऱ्या शाईत त्यांतल्या एकाचंही नाव नाही. टोकाचा एक जण शटर उघडं असताना हलला असावा, त्याच्या तोंडाची नुसती पुसट रेघ उरलीय. ‘तुमचा फोटो काढू का’ असं त्यांना कोणी विचारलं असेल, ही शंकाही कोणाला आली नसेल. तुझ्या फोटोतली मागची रांग म्हणजे रँचवाला आणि सई. सई नऊ वर्षांची आहे, आज तिला बाबाबरोबर फोटोत आल्याची मजा वाटतेय. चौदाव्या वर्षी वर्गातल्या कोणी तोच फोटो शोधून काढला आणि तेव्हा ती स्वतः मांस सोडून बसलेली असली तर? पोरं कुठे जातील सांगता येत नाही, तुझ्या आईने तुला शाकाहारीच वाढवला होता.

आणि एक गोष्ट मी ताणून धरणार आहे. खासगीपणा हा कायदा मोडणाऱ्यासाठी नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. मारलेल्या काळविटाबरोबर फोटो काढून फिरवणारे पकडले गेले की मला बरंच वाटतं, त्यांचा पत्ता जपण्यात मला काडीचा रस नाही. जुन्या कातड्यांचंही तसंच: घरात वाघ-बिबट्याचं कातडं किंवा डोकं असेल तर मालकीचा दाखला हवा, वारशाने आलं तर ९० दिवसांत कळवायला हवं, विकायचा तर प्रश्नच नाही. आमच्या गल्लीतल्या एका पोराने घराच्या रीलमध्ये मागच्या भिंतीवरचं बिबट्याचं कातडं टिपलं आणि कोणीतरी ते वनखात्याला दाखवलं. सुदैवाने दाखला बिस्किटांच्या डब्यात सापडला, तोवर त्यांच्या घरात चूल पेटली नव्हती.

म्हणून तुला सांगतो, मूळ फाइल पुसू नकोस. तारीख, वेळ, जागा, सगळं असलेली ती फाइल म्हणजे तुझा पुरावा. तुमच्याकडे बऱ्याच काउंट्यांत दोन शिंगांमधलं आतलं अंतर तेरा इंच भरल्याशिवाय दोन्ही शिंगांना फाटे फुटलेला नर मारता येत नाही ना? उद्या शिकारीचे नियम बघणाऱ्या वॉर्डनने विचारलं तर त्याला मूळ फोटो दाखव, टॅग दाखव, परवाना दाखव. त्याच्यापासून काहीच झाकायचं नाही. झाकायचं ते बाकीच्यांपासून, ज्यांचा तुझ्या पत्त्याशी काही संबंध नाही.

जागा झाकण्याचं एक कारण जनावरासाठीही आहे. आपल्या शिवपुरीच्या माधव उद्यानात २०२३ साली पुन्हा वाघ सोडले, २०२५ च्या मार्चमध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. इथली पोरं सफारीहून परततानाच, गाडीतूनच फोटो टाकतात, वर पाणवठ्याचं नाव. आफ्रिकेत गेंड्याच्या फोटोतलं लोकेशन बंद ठेवा अशा विनंत्या पर्यटकांना करतात, कारण तीच माहिती शिंगांच्या चोरांना लागते. शेजारच्या बंट्याला मी म्हटलं, दोन दिवसांनी टाक की, वाघ काय पळून जाणार आहे? तो म्हणाला, काका, दोन दिवसांनी कोण लाइक करतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुझ्यासाठी मी फोटोची दुसरी प्रत केलीय, या पत्राबरोबर पाठवतोय. डावीकडून कापून गाडी घालवली, वरून फाटक घालवलं, टॅग शिंगामागे झाकला. सईची प्रत वेगळी ठेवलीय, ती फक्त घरच्यांसाठी. जनावराच्या तोंडाजवळचं थोडं रक्त होतं तेही साफ केलं. ते तू तिथेच पुसायला हवं होतंस, सभ्य शिकारी पुसतात म्हणे. चेहरा तुझा तसाच ठेवलाय. केलंस ते तोंड लपवण्यासारखं नाही, असं तुला वाटत असेल तर तोंड दाखव. फक्त ‘सगळ्यांना’ ऐवजी ‘मित्रांना’ असं करून टाक आणि रँचवाल्याला आधी फोन कर. त्याने नको म्हटलं तर नको, त्यात वाद घालू नकोस.

शाळेच्या ग्रुपवर मी ही प्रत टाकू का ते कळव. तू हो म्हणेपर्यंत टाकणार नाही. तिथे दोघे-तिघे तुला फाडून खातील हे आत्ताच सांगून ठेवतो, आणि त्यात एक मी असेन.

तुझा,
अनंता

ता. क. : ती शिंगं मढवून अप्पांच्या बैठकीत लावायला आणायचं म्हणतोस, ते कस्टमवाल्यांना लेखी विचारल्याशिवाय बॅगेत घालू नकोस. इथे विमानतळावर उतरून तू ‘टेक्सासचं आहे हो’ म्हणत बसशील आणि अप्पा बाहेर ताटकळतील. त्यापेक्षा फोटोच मोठा छापून देतो, फ्रेमचे पैसे तुझ्याकडून घेईन.