हॉल तिकिटावर वेळ छापा की!

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी कळव्यात राहतो, एस.वाय.ला आहे, सायन्सला, आणि सध्या आमच्या मजल्यावरच्या ताईचा रायटर म्हणून पेपर लिहितोय, म्हणजे उत्तरं ती सांगते, मी फक्त लिहितो. ताईला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूकडून स्नायूंवर नीट ताबा राहत नाही), टी.वाय.बी.ए., विषय इकॉनॉमिक्स. उजवा हात वळत नाही, बोलताना शब्द जरा ओढून येतात, बाकी सोसायटीच्या हिशोबातल्या चुका दरवर्षी तीच काढते. रायटर एक वर्ष तरी खालचा लागतो म्हणून मी.

तर पहिला पेपर, अडीच तासांचा. आम्हाला वेगळी खोली दिली, खोली म्हणजे स्टाफरूमच्या बाजूचं गोडाऊनच, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वगैरे, असो, त्याचं काही नाही. पण अडीच तास झाले आणि सुपरवायझर मॅडम पेपर ओढायलाच लागल्या. मी म्हटलं मॅडम एक्स्ट्रा टाइम आहे ना, तर म्हणे तो ब्लाइंड मुलांना असतो, आणि तू तर किती भरभर लिहितोयस!

अहो मी भरभर लिहीन, पण सांगणाऱ्याचं काय? ताईला उदासीनता वक्र (इकॉनॉमिक्समधल्या इनडिफरन्स कर्व्हच्या वाकड्या रेषा) काढून हवे होते, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ती कोपराने बाकावर आकार दाखवणार, मी काढणार, मग "अजून आत वाकव... अक्षाला टेकवू नको रे... हा दुसरा पहिल्याला कापतोय, खोड", की मी परत खोडणार. एका आकृतीला बारा मिनिटं गेली, त्यात मॅडम मध्येच "गप्पा नकोत". शेवटचा प्रश्न अर्धाच राहिला.

घरी येऊन दोघांनी शोधलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 17 मध्ये रायटर आणि जादा वेळ दोन्ही लिहिलंय. केंद्राच्या ऑगस्ट 2018 च्या गाइडलाइन्समध्ये तासाला कमीत कमी 20 मिनिटं जास्त, म्हणजे अडीच तासांना 50 मिनिटं झाली. आणि फक्त ब्लाइंड वगैरे काही नाही, कायद्यात 21 प्रकार आहेत, सेरेब्रल पाल्सी नाव घेऊन आहे. उलट 2021 मध्ये विकास कुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रायटर मिळायला किमान 40 टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही. ताईकडे तर यूडीआयडी कार्डही आहे, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र.

मॅडमवर राग नाही, त्यांना कोणी सांगितलंच नसणार. माझं म्हणणं एवढंच की हॉल तिकिटावर फोटो, सीट नंबर, सूचना सगळं छापता ना, मग "रायटर मंजूर, वेळ इतके ते इतके" ही एक ओळ छापायला काय जातं? नाहीतर दर पेपरला नवीन सुपरवायझर, आणि दर वेळी ताईने आपला हात दाखवायचा. तक्रार करता येते दिव्यांग आयुक्तांकडे, ऑफिस पुण्याला, पण तिथून उत्तर येईपर्यंत तिचं टी.वाय. उरकलेलं असेल.

दुसऱ्या पेपरला मी गाइडलाइन्सची झेरॉक्स नेली, सरांनी वेळ दिला पण, फक्त ती वाचून एकमेकांना विचारण्यात आमचीच पंधरा मिनिटं गेली. शनिवारी शेवटचा पेपर आहे. या वेळी दोन झेरॉक्स काढल्यात, कामाच्या ओळींवर हायलायटर मारून.

– एक रायटर, कळवा (ठाणे)